‘दोबुत्सु नो मोरी’ : जीवनानुकारी खेळातील काळ आणि अनुपस्थिती

१

खेळ आणि कला यांचा परस्परसंबंध हा सौंदर्यशास्त्राला नवा प्रश्न नव्हे. शिलरने १७९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पत्रांतून क्रीडाप्रवृत्तीला मानवी पूर्णत्वाच्या विचारात मध्यवर्ती स्थान दिले. योहान हाउझिंगा या डच इतिहासकाराने १९३८ च्या ‘होमो लुडेन्स’ या ग्रंथात संस्कृतीचे मूळच खेळात शोधले. रॉजे काय्वा या फ्रेंच विचारवंताने १९५८ मध्ये खेळांचे स्पर्धा, दैव, सोंग आणि भोवळ असे चार वर्ग कल्पिले. या सर्व चर्चेत खेळाचा विचार झाला तो मुख्यतः एक प्रवृत्ती म्हणून. एखादा विशिष्ट खेळ घ्यावा आणि कादंबरीचे किंवा नाटकाचे करावे तसे त्याच्या घडणीचे परीक्षण करावे, ही रीत मराठी समीक्षेत अद्याप फारशी रुजलेली नाही. व्हिडिओ गेमच्या बाबतीत तर या उदासीनतेला संशयाचीही जोड मिळते. तो वेळ दवडण्याचा प्रकार आहे, असे एकदा ठरले की त्यात वेळेचे काय केले आहे, हे पाहण्याची गरज कोणाला वाटत नाही.

प्रस्तुत लेखाचा विषय नेमका हाच आहे. निन्टेन्डो या जपानी कंपनीने १४ एप्रिल २००१ रोजी आपल्या ‘निन्टेन्डो ६४’ या घरगुती कन्सोलसाठी ‘दोबुत्सु नो मोरी’, म्हणजे ‘प्राण्यांचे वन’, हा खेळ प्रसिद्ध केला. पुढील वर्षी तो ‘गेमक्यूब’ या कन्सोलवर ‘ॲनिमल क्रॉसिंग’ या नावाने अमेरिकेत गेला, आणि त्याच नावाने त्याची मालिका जगभर प्रसिद्ध झाली. ‘स्विच’ या कन्सोलसाठी २० मार्च २०२० रोजी आलेल्या ‘न्यू होरायझन्स’ या आवृत्तीच्या चार कोटींहून अधिक प्रती खपल्या. लोकप्रियता हा गुणवत्तेचा पुरावा होत नाही. परंतु ज्यात जिंकणे नाही, हरणे नाही, मरणे नाही आणि शेवटही नाही, असा खेळ इतक्या लोकांना का धरून ठेवतो, हा प्रश्न समीक्षेच्या कक्षेबाहेरचा मानता येणार नाही.

२

ज्यांना ‘जीवनानुकारी’ म्हणता येईल, अशा खेळांची परंपरा या कृतीच्या आधीची आहे. १९८५ मध्ये डेव्हिड क्रेनच्या ‘लिटल कॉम्प्युटर पीपल’ने संगणकाच्या पडद्यावर एक घर आणि त्यात राहणारा एक मनुष्य दाखविला, त्याला अन्न द्यावे आणि त्याच्या दिनक्रमाकडे पाहावे, एवढेच खेळणाऱ्याचे काम. १९९६ च्या ‘बोकुजो मोनोगातारी’त, म्हणजे इंग्रजीत ‘हार्व्हेस्ट मून’ म्हणून ओळखल्या गेलेल्या खेळात, यासुहिरो वादा याने शेतीचा दिनक्रम हाच खेळ केला. २००० मध्ये विल राइटच्या ‘द सिम्स’ने मध्यमवर्गीय संसाराचे एक सूक्ष्म यंत्रच मांडले. काय्वाच्या वर्गीकरणात हे सर्व खेळ ‘सोंग’ या वर्गात पडतील. आपल्याकडील भातुकलीचे ते दूरचे नातलग होत.

परंतु या खेळांत आणि ‘दोबुत्सु नो मोरी’त एक मूलभूत भेद आहे, आणि तो काळाच्या योजनेचा आहे. ‘हार्व्हेस्ट मून’मध्ये दिवस उगवतो आणि मावळतो, पण तो खेळाच्या मापाने, काही मिनिटांत. यंत्र बंद केले की शेत, गुरे आणि ऋतू जागच्या जागी थिजतात. ‘द सिम्स’मध्ये काळ वेगाने पळविता येतो, मंद करता येतो, थांबविता येतो. म्हणजे काळ खेळणाऱ्याच्या मुठीत असतो. कादंबरीचा वाचक पुस्तक मिटतो तेव्हा तीतील माणसे जशी त्याच्या परतण्याची वाट पाहत थांबून राहतात, तसेच हे होय.

‘दोबुत्सु नो मोरी’त काळ थांबत नाही. हा खेळ मूळ ‘६४ डीडी’ या कन्सोलच्या पूरक उपकरणासाठी योजिला होता, आणि त्या उपकरणात घड्याळ होते. ते उपकरण व्यापारात अयशस्वी ठरले. खेळ साध्या कार्ट्रिजवर आणावा लागला, तेव्हा निर्मात्यांनी त्या कार्ट्रिजमध्येच घड्याळ बसविले. व्यावहारिक सोय म्हणून ते टाळणे सहज शक्य होते. ते टाळले गेले नाही, यावरून या घड्याळाला कृतीच्या रचनेत कोणते स्थान आहे हे उघड होते. खेळणाऱ्याच्या भिंतीवर जी वेळ, तीच गावात. बाहेर रात्र असेल तर गावात रात्र; बाहेर रविवार असेल तर गावात रविवार. गावातील दुकान रात्री दहाला बंद होते, आणि साडेदहाला घरी येणाऱ्या नोकरदाराला ते बंदच दिसते. गिटार वाजविणारा के. के. स्लायडर हा कुत्रा आरंभीच्या आवृत्त्यांत शनिवारी रात्रीच भेटे; त्याला मंगळवारी ऐकता येत नसे. विशिष्ट मासे आणि कीटक विशिष्ट महिन्यांत, विशिष्ट प्रहरांतच सापडतात. चेरीच्या मोहोराला वसंतातील मोजके दिवस मिळतात; ते हुकले तर वर्षभर थांबणे आले.

हाउझिंगाने खेळाचे एक लक्षण असे सांगितले आहे की, तो नित्याच्या जीवनापासून स्थळाने आणि काळाने वेगळा काढलेला असतो. या कृतीने त्या लक्षणाचा अर्धा भाग मोडला आहे. तिचे स्थळ वेगळे आहे, काळ मात्र वेगळा नाही. ती नित्याच्या जीवनाबाहेर जात नाही. त्याच्या शेजारी राहते. तिच्या स्वरूपातील बहुतेक वैशिष्ट्ये या एका निर्णयातून निघालेली आहेत.

३

काळ थांबत नाही, याचा पहिला परिणाम असा की, खेळणारा नसतानाही गाव चालू असते. चार दिवस कन्सोल सुरू केला नाही तर अंगणात तण माजते. महिनाभर दूर राहिल्यास घरात झुरळे होतात. शेजारी विचारतात की, इतके दिवस कोठे होतात? मूळ आवृत्तीत तर एखादा शेजारी या मधल्या काळात गाव सोडून गेलेला असे. त्याच्या घराच्या जागी मोकळी जमीन दिसे, आणि निरोप घेणे राहूनच गेलेले असे. जाण्यापूर्वी त्याने खेळणाऱ्याची संमती विचारलेली नसे. विचारण्याचे कारणही नव्हते, कारण गाव त्याचेही होते.

इतर खेळांत दोष घडतो तो कृतीतून: चुकीची उडी, चुकीचा बाण. येथे जे काही बिघडते ते न येण्यातून बिघडते. खेळाच्या मांडणीत अनुपस्थितीला अर्थ देण्याचा हा प्रकार असामान्य आहे. रंगमंचावर नसलेल्या पात्राची पोकळी नाटकात जाणवते, हे खरे. पण ते पात्र नाटककाराने दूर ठेवलेले असते. येथे अनुपस्थित असतो तो स्वतः खेळणारा, आणि त्याच्या गैरहजेरीचा ठसा उमटतो तो गावावर.

या मांडणीमागील प्रेरणा तिच्या निर्मात्यानेच सांगितलेली आहे. कात्सुया एगुची १९८६ मध्ये निन्टेन्डोत नोकरीसाठी क्योतोला आला. त्याचे घर तोक्योच्या पूर्वेस, चिबा येथे होते. आप्त आणि मित्र मागे राहिले, आणि त्यांच्या सहवासाचे मोल नव्या शहरातील एकटेपणात त्याला कळले. ती सहवासाची भावना पुन्हा निर्माण करता येईल काय, या विचारातून हा खेळ सुचला, असे त्याने मुलाखतीत म्हटले आहे. हिसाशी नोगामी याच्यासह त्याने तो घडविला. खेळाचा आरंभ या अनुभवाशी जुळणारा आहे. आगगाडीचा डबा, समोर येऊन बसलेले एक अनोळखी मांजर, त्याच्या चौकशा, आणि मग एक परके स्थानक. खेळणारा येथे वीर म्हणून येत नाही, राजा म्हणूनही येत नाही. खिशात जेमतेम पैसे असलेला परगावचा मनुष्य म्हणून येतो. अधूनमधून आईची पत्रे येतात. त्यांत विशेष काही नसते, आणि म्हणूनच ती खरी वाटतात.

चरित्राची ही माहिती कृतीच्या मूल्यमापनाला पुरेशी नाही, हे मान्य करावयास हवे. लेखकाचा हेतू आणि कृतीचा अर्थ एक नव्हेत. परंतु येथे पाहण्याजोगी गोष्ट अशी की, हा एकटेपणा कृतीत विषय म्हणून आलेला नाही. कोणी रडत नाही, कोणाचा विरह वर्णिलेला नाही. गाव हसरे आहे, रंग उजळ आहेत, प्राण्यांचे बोलणे खेळकर आहे. एकटेपणा उतरला आहे तो रचनेत. आपण जेथे नाही तेथेही जीवन चालू असते, ही परगावी गेलेल्या मनुष्याची जी मूलभूत जाणीव, ती घड्याळाच्या योजनेने खेळणाऱ्याच्या अनुभवास येते. आशयाने येथे स्वतःचे रूप शोधले आहे, असे म्हणता येते.

४

या मांडणीची दुसरी बाजू घराच्या आतली आहे. मूळ खेळात एका गावात चार घरे असत, आणि एका कन्सोलभोवतीच्या कुटुंबातील चार माणसे त्यांत राहू शकत. पण एका वेळी एकानेच खेळावयाचे. म्हणजे ही चार माणसे एकाच गावात राहूनही गावात कधी भेटत नसत. एकाने दुसऱ्याच्या पेटीत पत्र टाकावे, भेटवस्तू ठेवावी, सूचनाफलकावर चार ओळी लिहाव्यात, झाड लावावे. दुसऱ्याने ते आपल्या सवडीने पाहावे. आपण रात्री उशिरा घरी पोचतो तेव्हा कुटुंबीयांचे खेळणे चालू असते, त्यात आपल्यालाही वाटेकरी होता यावे, या इच्छेचाही उल्लेख एगुचीने केला आहे.

घरगुती कन्सोल या साधनाचा इतका अर्थपूर्ण उपयोग क्वचितच झाला असेल. दूरचित्रवाणी संचाभोवती कुटुंब एकत्र बसते, ही या साधनाची जाहिरातीतील प्रतिमा. प्रत्यक्षात एका घरातील माणसांच्या वेळा जुळत नाहीत. मुलगा दुपारी मोकळा, आई संध्याकाळी, बाप मध्यरात्री. ‘दोबुत्सु नो मोरी’ने हे वास्तव नाकारले नाही, त्यालाच खेळाचा पाया केले. तेथे माणसे एकमेकांना भेटतात ती खुणांतून. शेजाऱ्याच्या तोंडून, काल तुमच्या घरातील अमुक येथे येऊन गेला, असे कळते आणि ज्याच्याशी दिवसभर बोलणे झाले नाही, तो माणूस क्षणभर जवळ येतो.

बा. सी. मर्ढेकर यांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) या ग्रंथात लयीची संवाद, विरोध आणि समतोल ही तीन तत्त्वे सांगितली. ती भावनानिष्ठ समतानतेच्या कल्पनेसह काव्याला लावण्यासाठी योजलेली होती, हे ध्यानात ठेवूनही त्यांचा येथे मर्यादित उपयोग करता येईल. गावातील काळ आणि घरातील काळ यांत संवाद आहे. गावातील निर्वेधपणा आणि घरातील धावपळ यांत विरोध आहे. आणि रोज अर्धा तास येऊन तण उपटणे, पत्र वाचणे, एक मासा धरणे, या लहान कृत्यांनी दोहोंत समतोल साधला जातो. खेळ आपणहून लांबत नाही. दुकान रिकामे होते, शेजारी झोपी जातात, दिवसाचे काम संपते, आणि खेळणाऱ्याला उद्या यावे लागते. अधिकाधिक वेळ गिळण्यासाठी रचलेल्या खेळांशी तुलना करता हा संयम लक्षणीय ठरतो.

५

येथे एक आक्षेप उपस्थित होतो, आणि तो गंभीर आहे. हे गाव जर सहवासाचे, तर त्याच्या केंद्रस्थानी दुकानदार आणि कर्ज का? गावात पाऊल ठेवताच टॉम नुक हा दुकानदार खेळणाऱ्याला घर देतो आणि कर्जात टाकतो. गेमक्यूब आवृत्तीत त्या पहिल्या घराची किंमत १९,८०० बेल्स. ते फिटले की घर वाढवावयाचे, म्हणजे नवे कर्ज. घर वाढले की भरण्यासाठी अधिक सामान, आणि सामान पुन्हा त्याच्याच दुकानातून. इयन बोगोस्ट या अभ्यासकाने २००७ च्या ‘पर्स्वेसिव्ह गेम्स’ या ग्रंथात नेमके हेच चक्र दाखवून हा खेळ उपभोगाच्या आणि कर्जाच्या व्यवहाराचे प्रतिरूप आहे, असे प्रतिपादन केले. खेळणारा राबतो तसा दुकानदार श्रीमंत होतो आणि त्याचे दुकान मोठे होते. उलट गावातील प्राणी या धडपडीत पडत नाहीत, हा त्याने दाखविलेला विरोध मार्मिक आहे.

तथापि हे विवेचन पुरते समाधान करीत नाही. नुकच्या कर्जाला व्याज नाही, मुदत नाही, जप्ती नाही. ‘न्यू होरायझन्स’मध्ये घराच्या अखेरच्या वाढीचे कर्ज २४,९८,००० बेल्सपर्यंत जाते, ते कधीच फेडले नाही तरी कोणी दारात उभे राहत नाही. ज्यात काळाचे दडपण नाही, त्या कर्जाला कर्ज म्हणावे काय? शिवाय नुक हा ‘तानुकी’ आहे. हा प्राणी जपानी लोककथांत रूपे बदलणारा, पानांचे पैसे करून लोकांना फसविणारा म्हणून प्रसिद्ध आहे. या खेळात कोणतेही सामान जमिनीवर ठेवले की ते पानाच्या रूपात दिसते. ही सारी संपत्ती मुळात पाने आहेत, असे सुचविणारा हा विनोद त्या व्यवहाराकडे पाहण्याची एक तिरकी दृष्टीही देऊन जातो.

जेथे अर्थव्यवहाराला खरी धार येते, तेथे ती पुन्हा काळातूनच येते. रविवारी सकाळी गावात सलगम विकावयास येतात. आठवडाभर त्यांचा भाव खालीवर होतो. पुढच्या रविवारी न विकलेला माल कुजतो. जपानीत सलगमाला आणि कंपनीच्या भागाला ‘काबु’ असा एकच उच्चार आहे, त्यावरील हा श्लेष. मालाला आयुष्य आहे, लोभाला मुदत आहे. पैशाचा विचार करतानाही ही कृती काळाचाच विचार करते, असे दिसून येते.

याच दृष्टीने रिसेटी या चिचुंदरसदृश पात्राकडे पाहावयास हवे. खेळ न जतन करता यंत्र बंद केले, म्हणजे झालेली गोष्ट न झाल्यासारखी करण्याचा प्रयत्न केला, की पुढच्या वेळी तो दारातच जमिनीतून वर येतो आणि लांबलचक कानउघाडणी करतो. पुनःपुन्हा केल्यास त्याचा राग वाढतो. व्हिडिओ गेममध्ये मागे जाऊन पुन्हा प्रयत्न करणे हा खेळणाऱ्याचा जणू मूलभूत हक्क समजला जातो. रिसेटी तो नाकारतो. त्याचा सारा विनोदी थयथयाट एका गंभीर विधानाचा आहे: झालेले परत घेता येत नाही.

घड्याळ पुढेमागे करून या नियमातून निसटता येते, आणि अनेक जण तसे करतात. खेळ त्यांना अडवीत नाही. काळ मागे फिरविणाऱ्याचे सलगम मात्र कुजतात. यावरून या कृतीचा करार खेळणाऱ्याच्या संमतीवर उभा आहे हे दिसते. घड्याळ खोटे करणारा कोणाला फसवीत नाही; तो केवळ जे मिळावयाचे ते गमावतो. काव्यातील संकेत न मानणाऱ्या वाचकाची स्थिती याहून वेगळी नसते.

६

२०२० च्या ‘न्यू होरायझन्स’मध्ये ही मांडणी बदलली. आया क्योगोकु हिच्या दिग्दर्शनाखाली झालेली ही आवृत्ती तांत्रिक सफाईत आधीच्या सर्वांहून सरस आहे. ऋतूंचे सूक्ष्म रंग, वस्तुसंग्रहालयाची भव्यता आणि वाऱ्यात हलणारी झाडे यांत तिला तोड नाही. तिच्या प्रकाशनाचा योगही विलक्षण होता. महासाथीमुळे देशोदेशी टाळेबंदी सुरू होण्याचे ते दिवस. भारतात ती २५ मार्चला, म्हणजे प्रकाशनानंतर पाचव्या दिवशी आली. प्रत्यक्ष भेटणे बंद झाले तेव्हा माणसे या बेटांवर भेटली, वाढदिवस साजरे झाले, लग्नेही लागली. आजच्या तरुण पिढीतील अनेकांच्या आठवणीत तो काळ आणि हा खेळ एकमेकांना चिकटून राहिले आहेत. वियोगाच्या जाणिवेतून जन्मलेल्या खेळाने वियोगाच्या काळात आधार दिला, या ऐतिहासिक सेवेचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही.

परंतु सामाजिक उपयुक्तता आणि कलात्मक घडण हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. ‘न्यू होरायझन्स’मध्ये खेळणारा नांदत्या गावात येत नाही, निर्जन बेटावर वसाहत करावयास येतो. कोठे कोणाचे घर असावे हे तो ठरवितो. पुढे त्याला नद्या वळविण्याचा आणि डोंगर सपाट करण्याचा अधिकार मिळतो. शेजारी त्याच्या संमतीवाचून जात नाहीत. जावेसे वाटले तर येऊन विचारतात, आणि नको म्हटले की राहतात. यंत्र आपोआप सर्व काही जतन करीत असल्यामुळे रिसेटीला मूळचे काम उरलेले नाही. तण अद्याप उगवते, शेजारी अद्याप चौकशी करतात. परंतु ज्या अनुपस्थितीने खरेच काही हिरावून घेतले जाई, ती आता निरुपद्रवी झाली आहे. वर्षभराने परतणाऱ्याला सारे शेजारी जागच्या जागी भेटतात.

कुटुंबाच्या संदर्भातील बदलही तितकाच बोलका आहे. एका कन्सोलवर एकच बेट. आणि जो प्रथम खेळावयास बसेल तो बेटाचा रहिवासी-प्रतिनिधी. पूल कोठे बांधावा आणि दुकान कोठे उभारावे हे त्याच्याच हाती. मागून आलेल्या भावंडाला किंवा आईला घर मिळते, पण हे निर्णय घेण्याचा अधिकार मिळत नाही. आता एका पडद्यावर चार जण बरोबर खेळू शकतात, ही भर खरी; मूळच्या चार घरांतील समानता मात्र राहिली नाही. एकत्र असण्याची सोय वाढली आणि बरोबरीचे नाते घटले, असा हा विपरीत व्यवहार आहे.

या सर्व बदलांची दिशा एकच आहे: पाहुण्याचा मालक झाला. मूळ खेळात गाव खेळणाऱ्याचे नव्हते, आणि त्याची ओढ त्यामुळेच होती. ‘न्यू होरायझन्स’मध्ये बेट ही खेळणाऱ्याची निर्मिती आहे, म्हणून ती दाखविण्याची, सजविण्याची आणि इतरांच्या बेटांशी ताडून पाहण्याची वस्तू झाली. रेमंड नावाच्या एका मांजराला आपल्या बेटावर आणण्यासाठी २०२० मध्ये खेळणाऱ्यांत जो देवघेवीचा बाजार भरला, तो या दिशेचा स्वाभाविक शेवट होय. ज्याला शेजारी म्हणावयाचे, तो संग्रहातील नमुना झाला.

याचे समर्थन असे करता येईल की, खेळणाऱ्याला निर्मितीचे स्वातंत्र्य मिळाले. असंख्य लोकांनी या बेटांवर कल्पक रचना केल्या आहेत, आणि त्यांतील काही खरोखरच सुंदर आहेत. आपले जग आपल्या हाताने घडविण्याचा आनंद हा भातुकलीचाही आनंद आहे. परंतु भातुकलीत दुसरे मूल असते. ते ऐनवेळी खेळ मोडते, आपली बाहुली घेऊन घरी जाते, किंवा बाहुलीच्या लग्नात वरपक्षाचा मान मागून बसते. भातुकलीला रंग चढतो तो त्याच्या या अनावरपणामुळे. मूळ ‘दोबुत्सु नो मोरी’त त्या दुसऱ्या मुलाचे काम घड्याळाने आणि न विचारता निघून जाणाऱ्या शेजाऱ्यांनी केले होते. त्यांना आज्ञाधारक केल्यावर उरते ते सुंदर, पण एकट्याचे घर.

७

मराठी खेळणाऱ्याच्या दृष्टीने या कृतीत आणखी एक तफावत राहते, तिचा उल्लेख येथे अस्थानी होणार नाही. घड्याळ त्याच्या घरातलेच असते, पण ऋतू जपानचे असतात. पुण्यात वैशाखवणवा पेटलेला असताना गावात चेरीचा मोहोर नुकताच गळून गेलेला असतो. कोकणात डिसेंबरची सुखद थंडी असताना तेथे बर्फ पडते. ‘न्यू होरायझन्स’ने उत्तर व दक्षिण गोलार्धांतून निवड करू दिली; परंतु मृगाच्या पहिल्या सरीपासून चार महिने ज्याच्याभोवती सारे जीवन फिरते, असा पावसाळा दोन्हींत नाही. काळाच्या ऐक्यावर उभ्या असलेल्या कृतीत ऋतूंची ही फारकत उणीव ठरावी. मात्र परिणाम उलटाही होतो. आपल्याच वेळेत चालणारे, पण आपल्या हवेत नसलेले ते गाव खऱ्या अर्थाने परगाव वाटते, आणि खेळणारा तेथे पाहुणाच राहतो. एगुचीच्या मूळ कल्पनेशी हे विसंगत नाही.

एकूण विवेचनातून जे हाती लागते ते असे. जीवनानुकारी खेळाचे यश जीवनातील तपशिलांच्या संख्येवर अवलंबून नाही. खुर्च्या, कपडे, मासे, झाडे यांची भर आवृत्तीगणिक होत गेली. त्या भरीने अनुकरण समृद्ध झाले, सखोल झालेच असे नाही. जीवनाचे जे लक्षण मूळ कृतीने ओळखले होते ते हे की, त्यातील महत्त्वाच्या गोष्टी आपल्या मालकीच्या नसतात आणि आपल्यासाठी थांबत नाहीत. २००१ च्या तुटपुंज्या साधनांनी, ओबडधोबड आकृत्यांनी आणि कार्ट्रिजमधील एका लहानशा घड्याळाने हे लक्षण जितके प्रत्ययास आणून दिले, तितके पुढील कृतींना अधिक साधने हाताशी असूनही साधले नाही.

पुढे हा प्रकार कोणत्या दिशेने जाईल, हे त्याच्या निर्मात्यांवर जितके अवलंबून आहे तितकेच खेळणाऱ्यांच्या अपेक्षेवरही. ज्याला सारे काही आपल्या इच्छेप्रमाणे हवे असते, त्याला तसे देणारे खेळ पुष्कळ आहेत. दोन दिवस न गेल्याबद्दल कोणी विचारावे, आणि ते विचारणारे माणूस उद्या तेथे असेलच याची खात्री नसावी, हा अनुभव देणारा खेळ विरळा. तो एकदा घडला होता, याची नोंद समीक्षेने ठेवणे अगत्याचे आहे.